इंजिन काढा, पण फेकू नका!

जॅग्वार ई-टाइप म्हणजे आपल्या मेकॅनिकलवाल्यांचं दैवत! १९६१ साली आलेली, लांबलचक बॉनेटखाली सहा सिलिंडरचं इंजिन असलेली. २०१७ मध्ये खुद्द जॅग्वारनेच १९६८ सालच्या एका ई-टाइपचं इंजिन उतरवून तिथे बॅटरी बसवली आणि गिअरबॉक्सच्या जागी २२० किलोवॅटची मोटर. ताशी १०० किलोमीटरचा वेग ५.५ सेकंदांत, म्हणजे मूळ गाडीपेक्षाही लवकर! २०१८ मध्ये प्रिन्स हॅरी मेगनला घेऊन रिसेप्शनला गेला तो याच गाडीतून.

"मग तिच्यात उरलं काय? तो आवाज, ती थरथर गेलीच ना?" खरंय. पण माझ्या मते मुद्दा वेगळाच आहे. बॅटरी आणि मोटर जुन्या भागांच्याच मापाची, साधारण तेवढ्याच वजनाची ठेवल्यामुळे गाडीचा सांगाडा कापावा लागला नाही. हवं तेव्हा जुनं इंजिन परत बसवता येतं. याला म्हणतात इंजिनिअरिंग!

कापाकापी करून मोटर कोंबणं कुणालाही जमेल. पण साठ वर्षांपूर्वीच्या इंजिनिअरांचं काम कायमचं पुसायचा हक्क आपल्याला कुणी दिला? उद्याच्या पोरांना तो आवाज ऐकावासा वाटला तर? बदल जरूर करा, फक्त परतीची वाट ठेवा. पटतंय का?