छेद लहान म्हणजे शस्त्रक्रिया चांगली?

प्रयोगशाळेतील नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटा आणि त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवा. दोन्ही कान बोटांनी बंद केले तरी नाद ऐकू येतो. कंपने कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानात पोचतात. ज्यांना जन्मतः कानाची नळीच नाही, पण आतला कान शाबूत आहे, त्यांना हीच वाट उपयोगी पडते. १९७७ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे डॉ. शेलस्ट्रॉम यांनी अशा हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्याला श्रवणयंत्र जोडले. हाड टायटॅनियमला घट्ट धरून ठेवते, हे तेथीलच ब्रोनेमार्क यांनी आधी दाखवले होते.

स्क्रू बसवण्याच्या पद्धती मात्र बदलत गेल्या. पूर्वी स्क्रूभोवतीची कातडी पातळ करीत व तिच्याखालचा मऊ थर काढून टाकीत. ती जागा केसरहित आणि बधिर होई. पुढे एक सरळ छेद घेऊन तो थर तसाच राखू लागले. आता कातडीला ५ मिलिमीटर व्यासाचे गोल भोक पाडूनही काम होते. टाके लागत नाहीत.

मग सर्वांत लहान छेद तोच उत्तम का? माझ्या मते असा निष्कर्ष घाईचा ठरेल. ड्रिल फिरताना घर्षणाने उष्णता निर्माण होते. हाडाचे तापमान ४७ अंश सेल्सियसवर एक मिनिट राहिले तरी त्याला इजा होते, असे १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या सशांवरील प्रयोगांत आढळले. म्हणून ड्रिलवर सलाईनची धार सोडतात. अरुंद भोकातून ती खोलवर पोचवणे कठीण, आणि हाडही नीट दिसत नाही.

नेदरलँड्समध्ये सरळ छेद व गोल भोक यांची तुलना झाली. ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. गोल भोकाच्या शस्त्रक्रियेला वेळ कमी लागला, सुरुवातीला जागाही अधिक नीटस दिसली. कातडीचा दाह दोन्हींत सारखाच होता. स्क्रू निघून येण्याचे प्रसंग गोल भोकात थोडे जास्त होते. पण रुग्ण थोडे असल्याने हा फरक योगायोगाचाही असू शकतो.

तुलना करताना काय मोजायचे, हे आधी ठरवावे लागते. पुसदच्या रुग्णाला जखम दाखवायला वारंवार नागपूर गाठावे लागले, तर प्रत्येक खेपेला मजुरी बुडते. स्क्रू निघाला तर सारेच पुन्हा करावे लागते. म्हणून छेदाच्या लांबीबरोबर स्क्रू किती वर्षे टिकला आणि किती खेपा पडल्या, हेही मोजले पाहिजे. केवळ पट्टीने शस्त्रक्रियेची परीक्षा होत नाही.