झोपेची वेळ आणि आयुष्याची दोरी

चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत संध्याकाळ लवकर उतरते. एके काळी दिवेलागणीनंतर जेवणे आटोपत, नऊच्या सुमारास ओटीवर निजानीज होई आणि पहाटे वाडी शिंपायला माणसे उठत. आता मुले मुंबई-पुण्याला, घरात दोघे म्हातारे किंवा एकटी आजी. सोबतीला टीव्ही. मालिका संपून मुलाचा फोन येईपर्यंत अकरा वाजतात, दुपारी दोन तास डोळा लागतो आणि मग रात्री तीनला उठून छताकडे पाहत बसणे. ‘वय झालं, आता झोप कुठली’ असे म्हणून विषय संपतो. तो इथे संपू नये.

वयाबरोबर झोप हलकी होते, लवकर येते आणि लवकर मोडते, हे खरे. पण झोपेची गरज फारशी घटत नाही. पासष्टीनंतरही सात ते आठ तास योग्य मानले जातात. २०१० साली तेरा लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी एकत्र करून झालेल्या विश्लेषणात कमी झोपणाऱ्यांत मृत्यूचा धोका १२ टक्क्यांनी, तर फार जास्त झोपणाऱ्यांत ३० टक्क्यांनी अधिक आढळला. दुसरा आकडा वाचून आजोबांना गदागदा हलवून उठवायची गरज नाही. नऊ-दहा तासांची झोप हे बहुधा आजाराचे कारण नसून त्याची खूण असते. हृदयविकार, नैराश्य किंवा घोरताना अडणारा श्वास त्यामागे असू शकतो. नव्याने लागलेली जास्तीची झोप डॉक्टरांच्या कानावर घालावी, ती त्यासाठी.

अलीकडच्या संशोधनाने मात्र तासांपेक्षा वेळेला महत्त्व दिले आहे. ब्रिटनमध्ये सुमारे ६१ हजार लोकांच्या मनगटावर यंत्र बांधून झोप मोजली गेली. ज्यांची झोपण्या-उठण्याची वेळ सर्वांत अनियमित होती त्यांच्या तुलनेत नियमित झोपणाऱ्यांत मृत्यूचा धोका २० ते ४८ टक्क्यांनी कमी दिसला. हा संबंध आहे, सिद्ध झालेले कारण नव्हे. तरी वाडीतल्या जुन्या दिनक्रमाची आठवण करून देणारा आहे. शेजारच्या रेवदंड्याच्या खाडीतून होडी काढणाऱ्यांना हे सहज जमणारे नाही. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते आणि तिच्याबरोबर त्यांची झोपही. पण समुद्रावर जाणे थांबलेल्या म्हाताऱ्याला वेळ बांधून घेणे शक्य आहे.

आपल्याकडची एक नोंद बोलकी आहे. आफ्रिका आणि आशियातील आठ देशांत पन्नाशीपुढच्या लोकांना झोपेविषयी विचारले गेले, त्यात पुणे जिल्ह्यातील वढू भाग होता. २०१२ साली निष्कर्ष आले तेव्हा बांगलादेशातील मतलबमध्ये चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांनी झोपेची तीव्र तक्रार सांगितली; वढूत ६.५ टक्के स्त्रिया आणि ४.३ टक्के पुरुषांनी. आपली माणसे खरोखर इतकी गाढ झोपतात, की तक्रार करण्याजोगी ती गोष्टच समजत नाहीत? पुरुषांपेक्षा बायकांचा आकडा मोठा आहे, हेही विसरू नये. घरात सर्वांत शेवटी पाठ टेकते ती कोणाची, हे प्रत्येक घराला ठाऊक असते.

घरात करता येण्यासारखे थोडेच आहे, पण ते करावे. वामकुक्षी अर्ध्या तासात आटोपावी, चहा दुपारपर्यंतच घ्यावा, सकाळचे ऊन अंगावर घ्यावे आणि उठण्याची वेळ रविवारीही बदलू नये. शेजाऱ्याची झोपेची गोळी मागून घेणे मात्र घातक. अशा गोळीच्या अंमलात रात्री लघवीला उठलेला म्हातारा न्हाणीच्या ओल्या फरशीवर घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि मग अंथरूण सुटत नाही. जोराने घोरणे आणि मध्येच श्वास थांबणे याला तर गोळी नव्हे, तपासणी हवी.

बाकीचे घराबाहेरच्यांचे काम आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी घालणारे नियम २००० सालापासून आहेत. किनाऱ्यावरच्या शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना ते सांगायचे कोणी, हे पोलीस आणि ग्रामपंचायतीने ठरवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासतात, तिथेच ‘रात्री किती वाजता निजता, आणि घोरता का?’ हे दोन प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही की निधी.