किनारा जवळ आहे म्हणून?

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला किंवा गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचवरील तांडेलाची वैद्यकीय तपासणी दूरदेशी जाणाऱ्या जहाजावरील अधिकाऱ्याच्या तपासणीइतक्या कसोशीने का व्हावी, असा प्रश्न लाँचमालकांच्या आणि खलाशांच्याही तोंडून ऐकू येतो. आणि तो विचारणारी माणसे बेपर्वा नसल्यामुळे त्याला उत्तर देणे अगत्याचे आहे. त्यांचे म्हणणे असे की, किनारा नजरेच्या टप्प्यात असतो, मदत घटकाभरात पोहोचते, आणि ज्याने बापाच्या होडीत बसून लहानपणीच खडक ओळखायला आरंभ केला, त्याची परीक्षा दवाखान्यातल्या तक्त्याने घेणे हा त्याच्या विद्येचा अपमान होय. या पूर्वपक्षाला कायद्याचाही आधार दाखविता येतो. कारण केवळ अंतर्गत किंवा आडोशाच्या पाण्यात फिरणारी जहाजे २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारातून वगळलेली आहेत.

परंतु करारातून वगळणे म्हणजे तपासणी निरर्थक ठरविणे नव्हे. ती बाब ज्या त्या देशाच्या हवाली राहिली, इतकाच त्याचा अर्थ. शिवाय जवळच्या पाण्याची ग्वाही मुंबईकराने तरी देऊ नये. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून ६०० हून अधिक माणसे गेली, आणि ती बातमी मुंबईत पोहोचण्यास कित्येक तास लागले. तो अनर्थ वादळाचा होता, कोणा खलाशाच्या प्रकृतीचा नव्हता, हे मी निःशंकपणे मान्य करतो; मात्र जवळच्या किनाऱ्याचा भरवसा त्या दिवशी कामी आला नाही, हेही तितकेच खरे.

प्रकृतीमुळे ओढवलेला अनर्थ पाहावयाचा तर न्यूयॉर्क बंदराकडे पाहावे. मॅनहॅटनहून स्टेटन आयलंडला जाणारी फेरीबोट साधारण २५ मिनिटांत पैलतीर गाठते. १५ ऑक्टोबर २००३ रोजी याच मार्गावरील ‘अँड्र्यू जे. बार्बेरी’ या बोटीचा सुकाणूवरचा माणूस ऐन धक्क्याजवळ भानावर राहिला नाही, बोट वेग न आवरता काँक्रीटच्या धक्क्यावर आदळली आणि ११ प्रवासी प्राणास मुकले. त्याच्या प्रकृतीविषयीच्या सरकारी अर्जात त्याच्या डॉक्टराने खोटी माहिती भरली होती, हे पुढे न्यायालयात उघड झाले; आणि नियमानुसार सुकाणूघरात जो दुसरा अधिकारी हजर असावयाचा, तोही त्या क्षणी तेथे नव्हता. किनारा तर इतका जवळ होता की, त्यावरच ती बोट फुटली! भर समुद्रात सुकाणूवरच्या माणसाला पाच मिनिटे घेरी आली, तर बहुधा जहाज मोकळ्या पाण्यातून पुढे जात राहील, आणि सावरायला दुसरा अधिकारी येईल. गजबजलेल्या बंदरात, नांगरलेली जहाजे, मचवे आणि खडक यांच्यामधून वाट काढणाऱ्या एकट्या तांडेलाला पाच मिनिटे कोण देणार? जवळीक ही ज्या युक्तिवादाची भिस्त आहे, तीच त्याच्या विरुद्ध साक्ष देते.

अनुभवाविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण अनुभव डोळ्यांच्या आणि कानांच्या वाटेनेच कामास येतो. समोरून येणाऱ्या बोटीची डावी बाजू लाल दिव्याने आणि उजवी हिरव्या दिव्याने ओळखावयाची असते. ज्याला हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत, किंवा ज्याच्या डोळ्यांवर मोतीबिंदू उतरला आहे, त्याच्या ४० वर्षांच्या अनुभवाला संध्याकाळच्या धुरकट उजेडात आधार कशाचा? म्हणूनच परवाना देताना एकदा केलेली तपासणी आयुष्यभर पुरत नाही.

एका आक्षेपापुढे मात्र मी मान तुकवितो. तपासणीत नापास होणे म्हणजे चूल बंद पडणे, असे समीकरण असेल, तर माणूस मधुमेह लपवील, छातीतली कळ दडवील, आणि ओळखीचा डॉक्टर दयेपोटी सही करील; असे प्रमाणपत्र नसल्याहून घातक. पण हा दोष तपासणीचा नसून तिला ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ या दोनच निकालांत कोंडणाऱ्या दफ्तराचा आहे. ब्रिटनमध्ये किनाऱ्यालगतच्या छोट्या बोटींसाठी व अंतर्गत जलमार्गांसाठी ‘एमएल-५’ हा निराळा, सुटसुटीत दाखला आहे. त्याची मुदत ५ वर्षांपर्यंत असते, वयाच्या पासष्टीनंतर मात्र तो दरसाल घ्यावा लागतो. आपल्याकडेही चष्म्याच्या अटीवर, केवळ दिवसाच्या फेरीसाठी, किंवा सोबत दुसरा जाणता माणूस असल्यास, असे मर्यादित दाखले का असू नयेत? अपात्र ठरलेल्यास दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टराकडून फेरतपासणी मागण्याचा हक्क सागरी श्रम कराराने दूरदेशीच्या खलाशाला दिलेला आहे. तो लाँचवरील खलाशालाही मिळावा. तपासणीचा खर्च मालकाने सोसावा, आणि जो सुकाणू धरण्यास असमर्थ ठरेल, त्याला धक्क्यावर, तिकिटाच्या खिडकीवर किंवा नव्या पोरांना शिकविण्याच्या कामावर घ्यावे.

पावसाळ्यात गेटवे–मांडवा मार्गावरील लाँचेस बंद असतात. बंदर खात्याने आणि मालकांनी याच महिन्यांत डॉक्टरांना धक्क्यावर आणावे, आणि पावसाळ्यानंतरची पहिली फेरी सुटण्यापूर्वी प्रत्येक तांडेलाचे डोळे, कान आणि काळीज तपासून घ्यावे.