नावडत्या मेकअपच्या निमित्ताने

मेकअप म्हटले की आपल्या गटांमधली चर्चा लगेच बाजारपेठ आणि बाईचे वस्तुकरण यांकडे वळते. ते योग्यच आहे. १९९६ मध्ये बंगळूरला झालेल्या विश्वसुंदरी स्पर्धेला स्त्रीसंघटनांनीही विरोध केला, तो याच भूमिकेतून. पण आज वस्त्यांमधल्या कितीतरी मुली पार्लरच्या कामावर घर चालवतात. त्यांच्याशी बोलताना एवढी भूमिका पुरत नाही.

म्हणून आमच्या वस्तीतल्या मुलींच्या सरावासाठी मीच बसले आणि मला सर्वांत नावडणारा प्रकार करायला सांगितला: जाड फाउंडेशन आणि कॉन्टूरिंग. नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि गालाच्या हाडाखाली गडद छटा, नाकाच्या मध्यावर उजळ रेघ, मग कडा दिसेनाशा होईपर्यंत मिसळत राहायचे. नाक खरोखरच निमुळते दिसू लागले. प्रकाश-सावलीचे हे तंत्र नाटकातल्या रंगभूषाकारांच्या ओळखीचे. त्याच तंत्राने तरुण चेहरा म्हाताराही करता येतो. म्हणजे दोष हातातल्या कसबाचा नाही. नाक निमुळतेच हवे, हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेले असते.

त्याहून बोलकी होती ती मेकअपची पेटी. तिच्यातली सर्वांत गडद छटाही माझ्या रंगापेक्षा उजळ! "नवरीला दोन छटा उजळच करायचं ताई, नाहीतर गिऱ्हाईक पैसे देत नाही," मुलगी म्हणाली. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढला. पेटीतला तो अजून गेलेला नाही.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत बायकांनी केशरचना करावी, रंगभूषा मात्र पुरुषांनीच, असा तिथल्या कामगार संघटनेचा दंडक होता. सर्वोच्च न्यायालयाने तो नोव्हेंबर २०१४ मध्ये बेकायदा ठरवला. त्यासाठी लढलेल्या बायकांच्या दृष्टीने प्रश्न शृंगाराचा नव्हता, रोजगाराच्या हक्काचा होता. आमच्या मुलीही लग्नसराईत पहाटेपासून उभ्या असतात. 'शिकते आहेस ना' म्हणून मजुरी मिळत नाही.

हा मेकअप मला आजही आवडत नाही. पण नावडीपोटी आपण या कामापासून लांब राहिलो, तर मुलींनी काय शिकायचे हे फक्त कंपन्या ठरवतील. प्रशिक्षण वर्गांकडे आपल्या गटांनी तीन मागण्या कराव्यात: पेटीत सावळ्या-काळ्या रंगांच्या छटा हव्यात, आहे त्या रंगाला जुळणारा मेकअप आधी शिकवावा, आणि शिकाऊ मुलीच्या कामाचेही दाम द्यावे.