काठाचं फूल

ब्लेझरवर सगळ्यांसारखाच मेटलचा ब्रोच? सोडा हो! या वीकेण्डला घरातली जुनी ट्रंक उघडा. आजीची एखादी नारायणपेठ नक्की सापडेल, घडीवर विरलेली. रेशीम आधी तिथेच फाटतं. काठ मात्र बहुतेकदा ठणठणीत असतो. त्याचंच फूल करायचं.

पण कात्री घेण्याआधी आजीला विचारा. ती ‘नको’ म्हणाली, तर विषय संपला. आणि धडकी साडी कापायची नाही म्हणजे नाही! जर खरी असेल, तर ‘जुनी जर’ घेणारे अशी साडी वजनावर नेतात आणि चांदीसाठी जाळतात. चार पैसे सुटतात, पण काठही जातो. त्यापेक्षा फूल बरं ना?

किनारीकडून चारेक सेंटिमीटर रुंद आणि तीसेक लांब पट्टी कापा. किनार उसवत नाही, म्हणून ती पाकळीची बाहेरची कड. कापलेल्या बाजूला धावदोरा घाला, दोरा ओढा. चुण्या पडल्या की पट्टी गोल गुंडाळत खालून टाके मारा. जरीतून सुई सहज जात नाही, अंगुस्तान वापरा. मधोमध आजोबांच्या सदऱ्याचं शिंपल्याचं बटण. एकदम क्लास! घरात बटणांचा डबा नसेल, तर पुणेकरांना बोहरी आळी आहेच. मागे फेल्टचा तुकडा, सेफ्टी पिन. झालं.

परफ्यूम मात्र आधी मारा, फूल नंतर लावा. जर काळी पडते.