अंतराळ मोहिमांनी इंजिनिअरिंगला काय दिलं?

कुठलंही यान उडालं की चार दिवसांत तो ठरलेला प्रश्न येतोच, "पण याचा उपयोग काय?" मग आपल्यातलाच कुणीतरी नॉनस्टिक तवा आणि वेल्क्रो पुढे करतो. गंमत म्हणजे या दोन्ही गोष्टी नासाच्या जन्माआधीच्या. टेफ्लॉन सापडलं १९३८ साली, नासा स्थापन झाली १९५८ मध्ये!

माझ्या मते अंतराळ मोहिमांनी इंजिनिअरिंगला जे सगळ्यात मोलाचं दिलं, ते दुकानात मिळत नाही. काय बिघडलं ते मुळापर्यंत शोधायचं आणि इतरांना वाचता येईल असं लिहून ठेवायचं, ही ती सवय. कोट्यवधींचं यान सगळ्या जगादेखत कोसळतं, तेव्हा "रीस्टार्ट करून बघा" म्हणून भागत नाही.

एरियन-५ चंच बघा. ४ जून १९९६ ला युरोपचं हे नवंकोरं रॉकेट पहिल्याच उड्डाणात, साधारण चाळीस सेकंदांत, चार उपग्रहांसकट फुटलं. कारण काय, तर एरियन-४ मधून जसाच्या तसा उचललेला कोड. एक ६४ बिटचा आकडा १६ बिटच्या जागेत कोंबला जात होता. नवं रॉकेट जास्त वेगवान, त्यामुळे आकडा मोठा झाला आणि मावला नाही. बॅकअप यंत्रणा होती, पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर! कहर म्हणजे कोडच्या त्या भागाचं उड्डाणानंतर एरियन-५ ला काही कामच नव्हतं. दीड महिन्यात चौकशी समितीचा अहवाल आला, आणि तो आजही कुणालाही वाचता येतो. त्यात कुणा एका प्रोग्रॅमरच्या डोक्यावर खापर फोडलेलं नाही. सॉफ्टवेअर बरोबर असल्याचं दाखवता येईपर्यंत ते चूकच आहे असं धरून चाला, असं मात्र स्पष्ट म्हटलंय.

दुसरं उदाहरण मार्स पाथफाइंडरचं. जुलै १९९७ मध्ये ते मंगळावर व्यवस्थित उतरलं, आणि काही दिवसांनी त्याचा कॉम्प्युटर आपला आपण रीसेट व्हायला लागला. झालं होतं असं, की साहेबांना हवी असलेली फाईल शिपायाकडे, आणि शिपायाला हेडक्लार्क काही हलू देईना. म्हणजे कमी प्रायॉरिटीच्या कामाने अडवून ठेवलेल्या गोष्टीसाठी सगळ्यात महत्त्वाचं काम ताटकळत बसलं, आणि मधल्या प्रायॉरिटीची कामं मात्र खुशाल चालू! काहीतरी बिघडलंय असं समजून सिस्टिम स्वतःला रीसेट करत होती. जेपीएलच्या लोकांनी तोच प्रॉब्लेम पृथ्वीवर घडवून पाहिला आणि इथूनच सेटिंग बदललं. पुढे टीमचे प्रमुख ग्लेन रीव्हज यांनी हा सगळा किस्सा तपशीलवार लिहिला. आज ऑपरेटिंग सिस्टिम्स शिकवताना 'प्रायॉरिटी इन्व्हर्जन' म्हटलं की हेच उदाहरण हमखास येतं. एका टीमचा बग जगभरच्या पोरांचा धडा झाला.

आता आपल्याकडे येऊ. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रावर आदळला. इस्रोने त्यातून शिकायचं ते सगळं शिकून घेतलं, यात शंकाच नाही. चांद्रयान-३ मध्ये लँडरचे पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, पाचाऐवजी चार इंजिनं ठेवली. उतरायची जागा आधी ५०० मीटर बाय ५०० मीटर होती, ती ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. काय काय बिघडू शकतं याची यादी करून डिझाइन केलं आणि २३ ऑगस्ट २०२३ ला यान अलगद उतरलं. टाळ्या वाजवायलाच हव्यात!

पण एक गोष्ट खटकते. २०१९ मध्ये लोकसभेतल्या उत्तरात चार ओळींचं स्पष्टीकरण मिळालं. अपघाताची कारणं जरा खुलासेवार कळली ती २०२३ मध्ये, तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांच्या तोंडून. मधली चार वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या मुलांना त्यातून काय शिकता आलं? एरियनचा अहवाल वाचून आपण शिकायचं आणि आपल्या अपघातांबद्दल बातम्यांवर समाधान मानायचं, हे काही बरोबर नाही. काही तपशील गुप्त ठेवावे लागत असतील, कबूल. ते वगळून बाकीचं छापा की!

आपल्या आयटीत तरी वेगळं काय आहे म्हणा. प्रॉडक्शन कोसळलं की रूट कॉज अॅनालिसिसच्या फॉर्ममध्ये 'ह्यूमन एरर' लिहून मोकळं व्हायचं. क्लायंट गप्प, मॅनेजर खूश, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या टीमला तोच बग. माणूस चुकणारच, हे धरून सिस्टिम का बांधली नाही, हा प्रश्न त्या फॉर्ममध्ये नसतोच.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी उपयोग विचारला, तर तवा बाजूला ठेवा आणि एरियनचा अहवाल वाचायला द्या. फार मोठा नाहीये, रविवारच्या एका दुपारी सहज वाचून होतो.