वाकलेला कणा आणि आपली जबाबदारी

गोसीखुर्द परिसरात आमचा दवाखाना असल्याने धरणाचा दाखला सहज सुचतो. भिंतीवर पाण्याचा ताण कोठे किती येईल, हे अभियंते तिचे काल्पनिक सूक्ष्म भाग पाडून गणिताने काढतात. फायनाइट एलिमेंट नावाची हीच पद्धत आता पाठीचा कणा बाजूला वळलेल्या, म्हणजे स्कोलिओसिसच्या रुग्णांसाठी वापरली जाते. क्ष-किरण व सीटी प्रतिमांवरून मणके, चकत्या व अस्थिबंध यांची प्रतिकृती संगणकात उभारून, स्क्रू कोणत्या मणक्यात बसवावेत व सळई किती वाकवावी, याचा अंदाज शस्त्रक्रियेपूर्वीच घेतला जातो. जिवंत स्नायूंचे बल मात्र त्यात पुरते सामावत नाही.

चरकसंहितेत कुब्जत्व ८० वातविकारांत आले आहे. (कुब्जत्व म्हणजे कुबड, बाजूचा बाक त्याच्याशी तंतोतंत जुळत नाही.) तेवढ्या आधारावर आम्ही पूर्वी एका १३ वर्षांच्या मुलीस वर्षभर तैल व बस्तीवर ठेवले. वेदना शमली, बाक वाढत गेला. ती चूक आमचीच.

वाढीच्या वयात कॉब कोन साधारण २५ अंशांपुढे गेल्यास पट्ट्याचा विचार होतो, ५० च्या आसपास शस्त्रक्रियेचा. वाढ संपल्यावर पट्टा निरुपयोगी ठरतो. म्हणून वैद्यबंधूंनी मुलास पुढे वाकवून पाठीचा उंचवटा पाहावा, आढळल्यास उभ्याने क्ष-किरण काढवून अस्थिरोगतज्ज्ञाकडे धाडावे. औषधी दुकानदारांनीही ‘कणा सरळ करणारे तेल’ मुलांसाठी देऊ नये.